लिसन: अर्थ, मूळ आणि त्याच सहा अक्षरांतले बाकीचे शब्द

धागाकर्ता:
आज 'लिसन' घेऊ चर्चेला. एल-आय-एस-टी-ई-एन, त्यातला टी नुसता बसून आहे, काम काही करत नाही. हीच सहा अक्षरं हलवली की 'सायलेंट' होतं हे फॉरवर्ड सगळ्यांकडे येऊन गेलेलं असणारच, खाली सुविचार चिकटवून, की ऐकायचं तर आधी गप्प बसा वगैरे. सुविचार राहू दे, पण या दोन शब्दांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही. सायलेंट आला लॅटिनमधून, तिथे 'सिलेरे' म्हणजे गप्प असणे. लिसन मात्र अस्सल जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन वगैरेंच्या घरातला, जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'ह्लिस्नन' असं काहीतरी, म्हणजे सुरुवातीला ह होता आणि टी नव्हताच! 'ऐकणे' याच अर्थाचं 'लिस्ट' नावाचं अजून एक क्रियापद तेव्हा चालायचं (यादीवालं लिस्ट वेगळं), त्याच्या संगतीने टी आत शिरला आणि पुढे बोलण्यातून गेला तरी स्पेलिंगमधून हलला नाही. ह जो गेला तो ह्ल ने सुरू होणाऱ्या सगळ्याच शब्दांतून गेला, 'ह्लाफ'चा लोफ झाला, 'ह्लूड'चा लाउड झाला.

आता खरी मजा. या ह च्या जागी आपल्याकडे श असतो. शत आणि हंड्रेड, श्वान आणि हाउंड, शृंग आणि हॉर्न, बघा जुळवून. संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही ज्या एकाच जुन्या भाषेतून निघाल्या, त्या मूळ भाषेतल्या एका क-सारख्या उच्चाराचा जर्मॅनिक भाषांत ह झाला आणि संस्कृतात श. शिवाय इथे त्यांचा ल तो आपला र. म्हणजे ह्ल = श्र. म्हणजे लिसनचा भाऊबंद कोण, तर आपला 'श्रु' धातू! श्रवण, श्रोता, श्रुती, विश्रुत सगळं गोत. जुन्या इंग्रजीत 'ह्लिस्ट' हे नामही होतं, श्रवण या अर्थाचं, आणि वेदांत त्याचा जवळजवळ जुळा आहे 'श्रुष्टि' (सृष्टी नव्हे हां), ज्याचा अर्थ ऐकणे आणि त्यातूनच आज्ञा मानणे. 'मुलगा ऐकत नाही' म्हणतो तेव्हा आपण कानांबद्दल थोडीच बोलत असतो, इंग्रजीतही 'ही वोन्ट लिसन' तसंच.

याच मूळातून ग्रीकमध्ये 'क्लेओस' झाला, म्हणजे कीर्ती, जी चारचौघांच्या कानावर जाते ती. क्लिओपात्रा म्हणजे बापाची कीर्ती, हेराक्लीस म्हणजे हेरा देवीची कीर्ती. संस्कृतातही 'श्रवस्' म्हणजे कीर्ती आहेच.

पेणची काकू:
मस्त. मग आपलं 'ऐकणे' पण यातलंच का?

धागाकर्ता:
नाही काकू, ते श्रु मधून येत नाही. हिंदीतलं सुनना येतं (शृणोति वरून). आणि त्या घरातलं एक आपल्याकडे रोज पेपरात असतं, 'सुनावणी'. कोर्टात तारीख पडते ती लिसनची लांबची बहीण म्हणायची.

टवाळ पाटील:
वापराचं पण बोला की राव. आपली पोरं हमखास 'आय ॲम लिसनिंग म्युझिक' म्हणतात, 'टू' खाऊन टाकतात, कारण मराठीत गाणं सरळ ऐकतो, गाण्याकडे ऐकत नाही. आणि उलट दिशेने ऑनलाइन मीटिंगांनी वाट लावलीय, 'तुम्ही मला ऐकू शकता का?' अरे बाबा 'माझा आवाज येतोय का' एवढं विचार ना. 'हिअर' म्हणजे ऐकू येणे, 'लिसन' म्हणजे ऐकणे, हा फरक मराठीत किती सोप्पा आहे, एक 'येणे' लावलं की झालं, तरी लोक तिथेच घसरतात.

आणि 'ऐकून घेणे', 'ऐकवणे' हे इंग्रजीत नेऊन दाखवा बरं कुणीतरी. 'सासूने चार शब्द ऐकवले आणि तिने ऐकून घेतले', यात लिसन कुठे बसवणार? नाहीच बसत.

पेणची काकू:
बसलं तर सासूच बसवेल 😄 बरं ते सहा अक्षरांचं राहिलं, अजून कुठले शब्द होतात?

धागाकर्ता:
एन्लिस्ट (नाव नोंदवणे, सैन्यात भरती होणे), इन्लेट्स आणि टिन्सेल. देवनागरीत लिहिलं की सगळी गंमत जाते, लिसन आणि टिन्सेल बघून कोण म्हणेल अक्षरं तीच आहेत म्हणून.

एन्लिस्टमधलं लिस्ट हे यादीवालं, त्याचा मूळ अर्थ पट्टी, काठ, मग कागदाची पट्टी आणि मग तिच्यावरची नावं. इन्लेट म्हणजे आत येऊ देणारी वाट, वॉशिंग मशीनला पाणी घेतो तो पाइप, नाहीतर किनाऱ्यावरची खाडी. तुमच्या पेणच्या बाजूला त्याला काय तोटा.

टिन्सेल मात्र भारी आहे. लॅटिन 'सिन्टिला' म्हणजे ठिणगी, त्याचं फ्रेंचमध्ये 'एस्तँसेल' झालं, आणि तिथून चमचमणाऱ्या कापडाला, मग चकचकीत पट्ट्यांना टिन्सेल म्हणायला लागले. ज्याला आपण बेगड म्हणतो ते. पुढचा प्रवासही अगदी सारखा झाला बघा, आपल्याकडे बेगडाचं 'बेगडी' झालं, बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती, आणि इंग्रजीत टिन्सेल म्हणजे वरवरचा झगमगाट, हॉलिवूडला टिन्सेलटाउन म्हणतात ते त्यावरूनच. आणि त्याच ठिणगीतून निघालेला दुसरा शब्द म्हणजे स्टेन्सिल! जुन्या ऑफिसांत सायक्लोस्टाइलला लागायचं ते, आता रांगोळीचे साचे मिळतात ते.

टवाळ पाटील:
मग श्रवणबेळगोळ पण श्रु मधलंच ना? एवढी मोठी गोमटेश्वराची मूर्ती, सगळ्यांचं ऐकत उभी.

धागाकर्ता:
कल्पना छान आहे पण नाही. तिथला श्रवण हा 'श्रमण' चा झालाय, म्हणजे जैन मुनी. श्रमण येतो श्रम् वरून, कष्ट करणे, तप करणे. त्यामुळे लिसनच्या यादीतून ते गाव काटायचं. बाकी त्या मूर्तीच्या पायाशी जुन्या मराठीतली 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही ओळ आहे, पण 'करवियलें' वर बोलायला वेगळा धागा लागेल.