देव खोटं बोलत नाही म्हणता, मग अहाबाचं काय?

धागाकर्ता:
देव प्रेमळ आहे यावर भरपूर बोललं जातं, पण तो खरा आहे, दिलेला शब्द फिरवत नाही, यावर फार कमी. मला तर वाटतं बाकी सगळं त्यावरच उभं आहे. बायबलमधल्या इब्री 6:18 मध्ये स्पष्ट आहे की देवाला खोटं बोलणं अशक्य आहे. क्षमा, तारण, सार्वकालिक जीवन ही शेवटी त्याने दिलेली वचनंच ना, मग तो शब्दच कच्चा निघाला तर प्रार्थना कुणाच्या भरवशावर करायची?

प्रतिसाद 1:
1 राजे 22 वाचा. देव विचारतो इस्राएलचा राजा अहाब याला कोण भुलवेल, म्हणजे तो रामोथ-गिलादला लढाईत जाऊन मरेल. एक आत्मा पुढे येतो, म्हणतो मी त्याच्या संदेष्ट्यांच्या तोंडून खोटं बोलवतो, आणि देव म्हणतो जा, तसं कर. स्वतः बोलला नाही, दुसऱ्याकडून बोलवून घेतलं. माणसाने असं केलं तर त्याला आपण प्रामाणिक म्हणतो का?

धागाकर्ता:
अध्याय पूर्ण वाचा ना प्लीज. 400 संदेष्टे एका सुरात सांगतायत जा, विजय तुमचाच, मीखाया या देवाच्या खऱ्या संदेष्ट्याला बोलवायला गेलेला माणूससुद्धा त्याला सांगतो की सगळे चांगलंच बोललेत तूही तसंच बोल, आणि हा मीखाया भर दरबारात ती स्वर्गातली सगळी बोलणी अहाबाच्या तोंडावर सांगून टाकतो! थोबाडीत खातो, तुरुंगात जातो. फसवायचंच असतं तर आधी उघड कशाला केलं असतं? अहाबाला सत्य कळलं होतं, म्हणून तर तो वेश बदलून लढाईत गेला.

प्रतिसाद 1:
बरं, पण 2 थेस्सलनीकाकरांस 2:11 मध्ये देव भ्रांती पाठवतो ती लोकांनी खोट्यावर विश्वास ठेवावा म्हणूनच. तिथे कुठला मीखाया आहे?

धागाकर्ता:
आधीचं वचन बघा, त्यांनी सत्याची प्रीती धरली नाही असं आहे. ज्यांना सत्य नकोच होतं त्यांच्याबद्दल आहे ते. तरी हे वचन जड जातं, ते मान्य.

प्रतिसाद 2:
आणि निनवे? 40 दिवसांत ते नगर उलथून जाईल म्हणून योना संदेष्ट्याने सांगितलं, पण लोकांनी पश्चात्ताप केला आणि नगर वाचलं. यिर्मया 18 मधली पश्चात्ताप केला तर वाचाल ही अट दाखवू नका, ती योनाच्या त्या वाक्यात नव्हती.

धागाकर्ता:
वाक्यात नव्हती, पण योनाला माहीत होती, योना 4:2 मध्ये तो तेवढ्यासाठीच चिडलाय की तू दयाळू आहेस हे मला ठाऊकच होतं.

प्रतिसाद 3:
मला अहाबाशी काही घेणं नाही. "मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल", हे मत्तय 7:7 मधलं येशूचं वचन मी आईच्या उशाशी बसून रोज रात्री वाचायचे, तिचा हात हातात घेऊन, अकरा रात्री. बाराव्या दिवशी ती गेली. मला सांगा, दिलेला शब्द म्हणजे नक्की काय?

धागाकर्ता:
ताई, याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एवढंच सुचतं की क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही तो दुःखाचा प्याला टळो म्हणून तीनदा मागितलं आणि प्याला टळला नाही. आणि ते लिहिणाऱ्याने ते लपवलं नाही. मला खरेपणा तिथे दिसतो.

प्रतिसाद 3:
ते मलाही माहीत आहे, आणि त्यानेच जास्त लागतं, कारण मागा म्हणजे मिळेल असं सांगणाराच तिथे मागत होता. प्रार्थना मी सोडलेली नाही. पण मत्तय वाचताना सहावा अध्याय संपला की अजून सरळ आठव्यावर जाते.