मदत हवी आहे: 'जोडोनिया धन' अभंगातला 'उदास' कसा समजायचा?

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे. मुलगी बीएला मराठी घेऊन शिकतीय, तिला तुकोबांच्या 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' या अभंगाचं रूप आणि आशय सोमवारी लिहून न्यायचंय आणि दोन दिवस झाले आम्ही दोघं त्यातच अडकून बसलोय.

तिनं लिहिलं होतं की धन जोडणारा शेवटी दुःखी होऊन ते वेचत बसतो. मला पटेना पण सांगताही येईना. दुकानाचे हिशेब बघणारे मास्तर कन्नड आहेत, ते ऐकत होते, म्हणाले, "अहो सावकार, वेच्च म्हणजे आमच्यात खर्च की, खर्चु-वेच्च म्हणतोय न्हवं आम्ही." मग लक्षात आलं, आपणपण खर्चवेच म्हणतोच की! म्हणजे वेच करी, खर्च करतो.

पण 'उदास'? दुःखी होऊन कोण खर्च करेल? शेवटी परत 'बळ वैराग्याचें' आहे, मग तुकोबा धन जोडा म्हणतात का सोडा म्हणतात?

आणि मोठ्या अभंगाची (चार तुकड्यांच्या ओळीचा छंद) 6-6-6-4 अक्षरं, वेव्हारें-विचारें यमक, हे पहिल्या ओळीत बोटावर मोजून बरोबर आलं. पण पुढच्या ओळींत 'बहिणी माया' 4 हवं तिथं 5 भरतंय आणि 'परमपद बळ' 6 हवं तिथं 7. आमचं चुकतंय का? सांगा की जरा.

प्रतिसाद:
दादा, मोजणी बरोबर आहे तुमची. अभंग म्हणायचा असतो, एखादं अक्षर कमीजास्त झालं तर चालीत सामावतं, तसंच लिहू दे तिला, लपवायला नको. उदास म्हणजे इथं उदासीन, पैसा हातात आहे पण जीव त्यात गुंतलेला नाही. शेवटच्या ओळीतलं 'आश्रमाचें फळ' म्हणजे गृहस्थाश्रमाचं, घरदार सोडून जा असं कुठंच नाही. बघा, धन हा शब्द पहिल्या ओळीनंतर परत येतच नाही, पुढं गाईगुरं पाळणं आणि 'तान्हेल्या जीवन वनामाजी', रानात तहानलेल्याला पाणी. जीवन म्हणजे पाणी.

धागाकर्ता:
खूप आभार. आम्ही जीवन म्हणजे आयुष्य धरून बसलो होतो. आमचे वडील उन्हाळ्यात दुकानाच्या पायरीवर माठ ठेवायचे आणि तो खर्च वहीत 'पाणी' म्हणून वेगळा मांडायचे. वह्या माळ्यावर आहेत, आज काढून दाखवतो तिला.