बॅटरी राहू द्या, आधी अर्थिंग बघा

दादा, ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटतो आणि डॅशबोर्डवरचा बाणही लुकलुकतो, असं तुम्ही लिहिलंय. वर दोघांनी बॅटरी बदला म्हटलंय, पण त्या खर्चात पडू नका. एकाच बाजूला त्रास आहे म्हणजे बहुधा त्या लॅम्पची अर्थिंग, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, गेलीय. परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

डिकीतून लॅम्प काढा आणि होल्डरची अर्थ वायर, बहुतेक काळी, बॉडीला जिथे बोल्टने कसलीय ती जागा बघा. साताऱ्याच्या पावसात, त्यात गाडी कास-महाबळेश्वरकडे फिरत असेल तर, तिथे गंज नाहीतर हिरवट थर हमखास सापडतो. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. मग कुणाला तरी ब्रेक दाबून बसवा आणि मल्टिमीटर होल्डरची अर्थ व बॅटरीचा निगेटिव्ह यांना लावा. ०.२ व्होल्टच्या बरंच वर दिसलं तर दोष अजून तिथेच आहे.

ब्रेक आणि टेल लाइटचा एकच बल्ब असेल तर तोही तपासा, तो २१/५ वॉटचा दोन फिलामेंटवालाच हवा.

हे होईपर्यंत रात्री खंबाटकी घाटातून जाऊ नका. मागच्या ट्रकला तुमचा ब्रेक नीट कळणार नाही.