मदत हवी आहे: पाऊस नसताना सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या नकाशात जमिनीची ओल का वाढते?

गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रह चित्रांवर ऑनलाइन काम करण्याची सोय) सेंटिनेल-१ चा जीआरडी संग्रह, म्हणजे प्रक्रिया केलेली रडार चित्रं, वापरतोय; त्यातला व्हीव्ही बँड (उभ्या ध्रुवणाने पाठवलेला आणि तसाच परत घेतलेला संकेत). एकच उघडं शेत आज ओलं दिसतं, चार-पाच दिवसांनी कोरडं, मग पुन्हा ओलं. मध्ये पाऊस नाही, पाणीही दिलेलं नाही. कुठे चुकतंय?

उत्तर १
बहुतेक उपग्रहाच्या वेगवेगळ्या कक्षांची चित्रं एकत्र झालीत. तेच शेत एकदा ३२ अंशांतून आणि एकदा ४२ अंशांतून पाहिलं, तर माती तशीच असूनही परत येणाऱ्या संकेतात एक-दोन डेसिबल (संकेताच्या ताकदीचं माप) फरक पडतो. असेन्डिंग (दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी फेरी) किंवा डिसेन्डिंग (उत्तरेकडून दक्षिणेकडे) यांपैकी एकच निवडा आणि सापेक्ष कक्षा क्रमांकही (त्याच वाटेवरच्या फेऱ्यांचा क्रमांक) एकच ठेवा. चित्रं कमी मिळतील, पण तुलना खरी होईल.

त्याच कक्षेची तीनेक वर्षांची चित्रं घेऊन ५ वा शतमक (पर्सेंटाइल) कोरडी पातळी आणि ९५ वा ओली पातळी धरा. कोरडी -१६, ओली -८ आणि आज -१० डेसिबल असेल, तर आज आणि कोरडीतला फरक ६, ओली आणि कोरडीतला फरक ८; ६ भागिले ८, म्हणजे ०.७५. ही सापेक्ष ओल आहे, पाण्याची टक्केवारी नव्हे.

शेताची सरासरी डेसिबलमध्ये काढू नका. आधी रेषीय (डेसिबल न केलेल्या) मूल्यांत बदला, सरासरी घ्या, मग परत डेसिबल करा. बांधावरची झाडं आत येऊ नयेत म्हणून हद्द २० मीटर आत घ्या.

प्रश्नकर्ता
कक्षा एकच ठेवल्यावर चढउतार थांबला, आभारी आहे. पण एक तुकडा अजूनही ओला दिसतोय.

उत्तर २
नांगरट झाली आहे का ते पाहा. ढेकळांमुळे पृष्ठभाग खडबडीत होतो, बॅकस्कॅटर (जमिनीवरून उपग्रहाकडे परत येणारा संकेत) वाढतो आणि कोरडी माती ओली भासते. पावसाने सगळा परिसर एकदम चढतो, नांगरटीने तेवढाच तुकडा. पाणी दिलं तरी तेवढाच तुकडा चढतो, पण काही दिवसांत उतरतो. नांगरटीची वाढ ढेकळं फुटेपर्यंत किंवा पावसाने बसेपर्यंत टिकते. पीक दाट झालं की ही पद्धत सोडाच, तेव्हा सी-बँडला (सेंटिनेल-१ च्या रडार लहरींना) पानंच जास्त दिसतात.

पडताळणी उपग्रह जातो त्याच दिवशी करा, वरच्या ५ सेंटिमीटरचीच. सी-बँड त्याखालचं फारसं सांगत नाही. ठरावीक घनफळाच्या धातूच्या कड्याने (रिंगने) नमुना काढून १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवा. ओली माती १२० ग्रॅम, वाळून १०० ग्रॅम, म्हणजे वजनी ओल २० टक्के. कोरड्या मातीची घनता १.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असेल तर २० गुणिले १.३, म्हणजे घनफळी ओल २६ टक्के. मुळांच्या खोलीवरची ओल हवी असेल तर तिथे सेन्सरच पुरावा लागेल.