म्युनिक: घर मिळेना, त्यात हा चावी कुरियरने पाठवणारा मालक

कोथरूडची_सई: नमस्कार मंडळी, नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागलीये, १ तारखेला जॉइनिंग, मी आणि ४ वर्षांची लेक मागून जाणार. कंपनी एक महिना सर्व्हिस अपार्टमेंट देतीये, पुढे आपलं आपण. इम्मोस्काउटवर (भाड्याच्या घरांची साइट) चाळीसेक मेसेज टाकले, उत्तरं आली दोन, त्यातला एक म्हणतो मी लंडनला असतो, डिपॉझिट भरा, चावी कुरियरने पाठवतो. फोटो एकदम झकास आणि भाडंही कमी. भरू का? आणि ते काल्ट भाडं, वार्म भाडं काय भानगड आहे?

पोहेवाला: अजिबात भरू नका!! झकास फोटो, कमी भाडं, मालक परदेशात, तिन्ही एकत्र आलं की पळ काढायचा. घर बघून करारावर सही होईपर्यंत एक सेंटही नाही. काल्ट म्हणजे नुसतं घर, वार्ममध्ये पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग येतं, वीज-इंटरनेट वेगळं. डिपॉझिट जास्तीत जास्त ३ महिन्यांचं काल्ट भाडं, आणि तेही ३ हप्त्यांत द्यायचा हक्क आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना.

इसारकाठी: घराआधी आन्मेल्डुंगचं बघा ताई. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घर देणाऱ्याचं पत्र लागतं, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (हे एका दमात म्हणता आलं की जर्मन आलंच समजा). सर्व्हिस अपार्टमेंटवाले ते देतात का आजच विचारा, सगळे देत नाहीत. आणि लेटरबॉक्सवर आडनाव चिकटवा!! टॅक्स आयडी पोस्टाने येतो, आमचं नाव नव्हतं म्हणून पत्र परत गेलं आणि पहिल्या पगाराला टॅक्स क्लास ६ (सगळ्यात जास्त कापणारा) लागला, स्लिप बघून रडू यायचं बाकी होतं. दुसरं म्हणजे किचन. इथे रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं, ओटा नाही, सिंक नाही, छतातून वायरी लोंबतायत. मी दीड महिना जमिनीवर इंडक्शन ठेवून खिचडी केलीये आणि भांडी बाथटबमध्ये घासलीयेत. जाहिरातीत आइनबाउक्युशे (बसवलेलं किचन) लिहिलंय का ते आधी बघायचं, मग बाल्कनी.

पोहेवाला: +१. शूफा (उधारी-बिलं वेळेवर भरता का त्याचा दाखला) मागतील, नवीन माणसाकडे कुठून असणार, नोकरीचा करार जोडा. मेसेज जर्मनमध्येच टाका, आणि मालकानेच एजंट लावला असेल तर त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात, २०१५ पासून कायदाच आहे.

चकली_इन_बव्हेरिया: रविवारी शांतता पाळायची असते, मिक्सर लावू नका एवढंच सांगते 😄 दाण्याचं कूट शनिवारीच करून ठेवायचं. भिंतीला ड्रिल तर नाहीच नाही.

कोथरूडची_सई: खूप आभार सगळ्यांचे! अपार्टमेंटवाले पत्र देणार म्हणाले, हुश्श. लंडनवाल्याला म्हटलं माझी नणंद तिथेच असते, ती येऊन चावी घेईल, पत्ता द्या. कालपासून गप्प आहे.