एम३० × २ आटे: गो गेज सुरुवातीच्या दोन-तीन आट्यांवर अडकतो

प्रश्न
सीएनसी लेथवर एम३० × २ आटे (व्यास ३०, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर २ मिमी) कापतोय. फॅनक कंट्रोल, ईएन८ (मध्यम कार्बन स्टील) बार, आट्यांची लांबी २५, मागे ४ मिमी ग्रूव्ह. इन्सर्ट (कापणारी टीप) १६ईआर, २.० आयएसओ, फुल प्रोफाइल (आट्याचं डोकंही कापणारा). ओडी (बाहेरचा व्यास) ३०.०५.

जी९७ एस१५०० एम०३
टी०३०३
जी०० एक्स३४. झेड१.
जी७६ पी०२०००० क्यू१०० आर०.०५
जी७६ एक्स२७.४२ झेड-२७. पी१३१५ क्यू४०० एफ२.

गो रिंग गेज (जो पूर्ण चढायला हवा) पुढे अडकतो. टूलचा ऑफसेट (एक्समधली दुरुस्ती) आणखी ०.१ ने कमी केला की गो बसतो, पण नो-गोही (जो चढायला नको) चढतो. शेवटच्या पासांना चॅटर (थरथर) येतो, टीप लवकर उडते.

उत्तर १
ऑफसेटला हात लावू नका, डायमीटर बरोबर आहे. घोळ झेड१. मध्ये, म्हणजे टूल जॉबच्या तोंडापासून फक्त १ मिमीवरून निघतं त्यात आहे. १५०० आरपीएमला २ पिच म्हणजे मिनिटाला ३००० मिमी फीड. एवढा वेग पकडायला कॅरेजला (टूल घेऊन सरकणाऱ्या भागाला) जागाच नाही, म्हणून पुढच्या आट्यांचा पिच कमी पडतो आणि गेज तिथेच धरतो. पिच गेज आधी मागच्या आट्यांवर लावा, मग पुढच्या. पुढे फट दिसेल.

वेग पकडायला लागणाऱ्या अंतराचा ढोबळ हिशेब: ३.६ × पिच × आरपीएम ÷ १८००. तुमच्याकडे ६ मिमी येतात, १००० आरपीएमला ४. एस१००० ठेवा (कटिंग स्पीड साधारण ९४ मीटर) आणि झेड८. वरून सुरू करा.

उत्तर २
चॅटरचं कारण वेगळं. जी७६ (आटे कापायची सायकल) च्या पहिल्या ओळीतल्या पी०२०००० मधले शेवटचे दोन आकडे टीपचा कोन. ०० दिला की टूल सरळ आत घुसतं, दोन्ही बाजू एकदम कापतात. ६० द्या, मला ५५ जास्त आवडतो, कारण ६० ला मागची बाजू नुसती घासत राहते.

आता पहिल्या ओळीतला क्यू१००, म्हणजे किमान कट. पहिला पास ०.४ चा (दुसऱ्या ओळीतला क्यू४००), पुढचे वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होत जातात. पाचवा ०.०९४ यायला हवा, पण किमान कट १०० असल्याने तिथून प्रत्येक पास ०.१ चाच. आटा खोल होतो तशी चिप रुंद होते, म्हणजे कट तेवढाच असला तरी लोड वाढत जातो. क्यू०५० करा. पी आणि क्यू मायक्रॉनमध्ये, दशांश चिन्ह नको.

प्रश्नकर्ता
धन्यवाद दोघांनाही. जुन्या प्रोग्रॅमने आटे पाडलेला एक जॉब अजून चकमध्येच आहे. नवीन प्रोग्रॅम त्याच्यावरच फिरवला तर चालेल का?

उत्तर १
नाही. स्पिंडलच्या फेरीचा सिग्नल आला की टूल सुरुवातीच्या झेडवरून निघतं. झेड१. चं झेड८. केलं म्हणजे ७ मिमी, साडेतीन पिच. टीप नेमकी आट्याच्या डोक्यावर बसेल आणि दोन तोंडी आटे पडतील. झेड७. किंवा झेड९. घेतलं तर पिच जुळतो, पण आरपीएम बदलल्याने सर्व्होचा लॅग (मोटरचं हुकमामागे राहणं) बदलतो आणि आटा थोडा सरकतोच. नवा बार लावा.

उत्तर २
जी९७ (ठरलेले आरपीएम) तेवढं शाबूत ठेवा. फेसिंग-टर्निंगचा जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा) चालू राहिला तर पासागणिक एक्स बदलतो, तसा आरपीएमही बदलतो, आणि मग हाच त्रास एका जॉबच्या आतच होतो.