पाड लागलेला आंबा आणि ०.५: फझी लॉजिक हे तर्कशास्त्र आहे का?

रायवळ:
फझी लॉजिक म्हणजे विधानाला नुसतं खरं किंवा खोटं न म्हणता ० ते १ मधला खरेपणाचा अंश देणारी पद्धत. तिच्या मुळाशी असलेला लॉट्फी झादे यांचा फझी संचांवरचा (ज्यांचं सदस्यत्वही अंशाने असतं अशा संचांवरचा) निबंध १९६५चा. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाने त्याला अजून न्याय दिला नाही, असं माझं ठाम मत आहे. पाड लागलेला आंबा हातात घ्या. वास नुकता सुटतोय, दाबला तर बोट जेमतेम रुततं. 'पिकलाय' या विधानाला ०.५ देणंच प्रामाणिकपणाचं. आणि ही संभाव्यता नव्हे. संभाव्यता बंद पेटीतल्या आंब्याची. इथे आंबा समोर आहे, सगळं दिसतंय, तरी प्रश्न उरतोच.

मृण्मयी:
संभाव्यतेचं मान्य. पण त्या ०.५चं पुढे काय करता? झादेंच्या नियमात 'आणि'ची किंमत म्हणजे दोन्हींतली लहान, 'नाही'ची म्हणजे १ वजा मूळ. आता दोन्ही हातांत अगदी सारखे पाडाचे आंबे धरा. 'दोन्ही पिकलेत' ०.५. 'डावा पिकलाय आणि उजवा नाही' हेही ०.५! आंबे सारखेच असताना हे दुसरं वाक्य साफ खोटं आहे. तत्त्वज्ञ किट फाइन यांनी १९७५मध्येच या दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

सर्किट:
ताई, मग पोलिश तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविचचं 'आणि' घ्या: दोन्ही किमतींच्या बेरजेतून १ वजा, ऋण आलं तर शून्य. तुमचं वाक्य शून्यावर येतं. आणि जपानमधल्या सेंदाईची मेट्रो १९८७पासून हिताचीच्या फझी नियंत्रणावर धावली, मुरलेल्या चालकांची हातोटी नियमांत बसवून. तर्क पोकळ असता तर गाडी फलाटावर अलगद थांबली असती?

मृण्मयी:
त्याच सूत्राने 'डावा पिकलाय आणि डावा पिकलाय' हेही शून्य होतं. एकच गोष्ट दोनदा म्हटली की खोटी? हवं ते उत्तर येईपर्यंत सूत्र बदलत राहिलं, तर सिद्धांत चुकणार कधी? सेंदाईबद्दल म्हणाल, तर संगणकशास्त्रज्ञ चार्ल्स एल्कन यांनी १९९३मध्ये मांडलं की अशी यंत्रं चालतात ती नियम मोजके आणि अनुमानाची साखळी आखूड असते म्हणून. लांब साखळीत काय होतं ते बोला.

रायवळ:
लुकासिएविचचं पटलं. 'आणि'चा एकच सार्वत्रिक नियम हवा, हा हट्ट मी सोडतो. खरेपणाचे अंश मात्र सोडणार नाही. तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन म्हणतात, नेमकी सीमा असतेच, फक्त आपल्याला कळत नाही. आंबा कोणत्या मिनिटाला पिकला, याला खरंच उत्तर आहे असं तुम्ही मानता?

मृण्मयी:
नाही मानत. पण गोडी ब्रिक्समध्ये (रसातली साखर मोजायच्या एककात) मोजता येते, घट्टपणाही मोजता येतो. तुमचं ०.५ कशाने मोजलं? आणि दुसऱ्याने ०.६ म्हटलं, तर दोघांतलं कोण चुकलं?